मुलाखतीनंतरचे आभारपत्र

प्रस्तावना

नोकरीसाठी अर्ज कसा करावा, स्वतःची माहिती कशी मांडावी, मुलाखतीला कसे सामोरे जावे, यांविषयी तुम्ही यापूर्वी वाचले असेल. मुलाखत देऊन उमेदवार कार्यालयाच्या बाहेर पडला की हे मार्गदर्शन बहुधा थांबते. पुढे उरते ते निरोपाची वाट पाहणे. वाट पाहण्याच्या या काळात लिहिता येईल असे एक लहानसे पत्र आहे. शालेय पत्रलेखनात आभारपत्राचे विषय ठरून गेलेले असतात : वाढदिवसाची भेट, सुट्टीतील पाहुणचार, परीक्षेच्या वेळी मिळालेली मदत. ज्यांनी आपल्याला प्रश्न विचारले आणि अद्याप काहीच दिलेले नाही, अशा व्यक्तीला आभाराचे पत्र कसे लिहावे, हा या पाठाचा विषय आहे.

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला आभारपत्र आणि विनंतीपत्र यांतील भेद सांगता येईल. मुलाखतीतील नेमक्या गोष्टींचा उल्लेख करून थोडक्यात पत्र लिहिता येईल. तसेच असे पत्र कोठे मुळीच पाठवू नये, हेही ओळखता येईल.

१. एक उदाहरण, एक शंका

बंगळुरूच्या आग्नेय भागात होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्या दरम्यान एक वसाहत आहे. या रस्त्यांच्या इंग्रजी नावांवरून तिला एचएसआर लेआउट असे म्हणतात. बंगळुरू विकास प्राधिकरणाने आखलेल्या या वसाहतीचे सात सेक्टर आहेत. एका अंगाला अगरा तलाव आहे. जवळच सेंट्रल सिल्क बोर्डाच्या नावाने ओळखला जाणारा आणि वाहनांच्या कोंडीसाठी प्रसिद्ध असलेला चौक आहे. मूळ आखणी राहत्या घरांची. परंतु अलीकडच्या काळात येथील पुष्कळ इमारतींत नव्याने निघालेल्या कंपन्यांनी आपली कार्यालये थाटली आहेत. खालच्या मजल्यावर एखादे कुटुंब राहते आणि वरच्या मजल्यावर संगणकांच्या रांगा असतात, हे दृश्य येथे नवलाचे राहिलेले नाही.

बंगळुरू शहर मराठी माणसाला परके नाही. सतराव्या शतकात ते शहाजीराजांच्या जहागिरीत होते. आज सोलापूरकडून उद्यान एक्सप्रेसने आणि मिरज-बेळगावकडून राणी चन्नम्मा एक्सप्रेसने अनेक तरुण-तरुणी कामाच्या शोधात या शहरात येतात. सर्वांच्याच हाती पदवी असते असे नाही. कोणी दुकानात हिशेब लिहिता लिहिता शिकलेला असतो, कोणी मध्येच सुटलेली शाळा मुक्त विद्यालयातून पुरी केलेली असते.

समजा, निपाणीची एक महिला एचएसआर लेआउटमधील अशाच एका कार्यालयात मुलाखतीसाठी गेली आहे. नववीनंतर तिची शाळा सुटली. पुढे संसार सांभाळून तिने मुक्त शिक्षणातून दहावी आणि बारावी पूर्ण केली. किराणा मालाच्या घाऊक दुकानात तिने सहा वर्षे हिशेब पाहिले आणि टॅली ही संगणकप्रणाली शिकून घेतली. आता पद आहे लेखा साहाय्यकाचे. कंपनी घरपोच सामान पोहोचवणारी. लेखा विभागाच्या प्रमुख बाईंनी तिला चाळीस मिनिटे प्रश्न विचारले, तिचे म्हणणे ऐकून घेतले, एका प्रश्नाचे उत्तर तिला देता आले नाही तेव्हा ते समजावूनही सांगितले आणि शेवटी, ‘आठवडाभरात कळवू,’ असे म्हटले.

मुक्कामाच्या ठिकाणी परतल्यावर तिच्या मैत्रिणीने सुचवले, की त्यांना आभाराचे चार शब्द लिहून पाठव. त्यावर तिच्या मनात ज्या शंका आल्या, त्या कोणाही विचारी माणसाच्या मनात येतील. पत्र पाठवले तर आपण नोकरीसाठी मागे लागलो आहोत असे त्यांना वाटेल काय? हा लाळघोटेपणा तर ठरणार नाही? शिवाय नोकरी मिळालेली नसताना आभार मानायचे ते कशाचे?

२. चिठ्ठी, वशिला आणि उपकार

या शंकांचे मूळ आपल्या सामाजिक अनुभवात आहे. मराठी समाजात नोकरी आणि कागद यांचा संबंध फार काळ ‘चिठ्ठी’ या शब्दाशी जोडलेला राहिला. ‘अमुक साहेबांची चिठ्ठी आणली आहे,’ हे वाक्य ज्याला म्हणता येई, त्याचे काम होई; ज्याला म्हणता येत नसे, तो बाहेरच्या बाकावर बसून राही. ‘वशिला’ हा शब्द मूळचा अरबी. साधन किंवा माध्यम असा त्याचा साधा अर्थ. मराठीत येऊन रुळल्यावर त्याला जो वास लागला, तो आपल्याच कचेऱ्यांमधून लागला. त्यामुळे मुलाखतीनंतर पाठवलेला कोणताही कागद ही वशिल्याचीच एक तऱ्हा असावी, असे प्रामाणिक उमेदवाराला वाटले तर त्यात आश्चर्य नाही.

दुसरी अडचण अर्जाच्या भाषेने निर्माण केली आहे. ‘आपला आज्ञाधारक’, ‘आपला नम्र सेवक’, ‘कृपाभिलाषी’ अशा शब्दांनी संपणारे अर्ज कित्येक पिढ्यांनी लिहिले. ‘ही नोकरी दिल्यास मी आपला आजन्म ऋणी राहीन,’ हे वाक्य तर पाठच झालेले असे. अर्ज म्हणजे याचना, नोकरी म्हणजे उपकार, हा समज या भाषेत पक्का बसलेला आहे. म्हणून मुलाखतीनंतर आभाराचे पत्र लिहायला बसलेला हात नकळत याच वळणावर जातो.

खरे पाहता मुलाखत ही दोन गरजवंतांची भेट असते. उमेदवाराला काम हवे असते आणि कंपनीला काम जाणणारे माणूस. बोलावले म्हणून कोणी उपकार केला असे होत नाही. तथापि आभार मानण्याजोगे काहीच घडले नाही, असेही म्हणता येत नाही. कोणीतरी अर्ज वाचला, भेटीची वेळ ठरवली, आपल्या कामातून चाळीस मिनिटे काढली, अडले तेथे समजावून सांगितले. या गोष्टी प्रत्यक्ष घडलेल्या आहेत आणि नोकरी मिळो वा न मिळो, त्या घडलेल्याच राहतात. आभार मानायचे ते एवढ्याच गोष्टींचे.

मुलाखतीनंतर असे पत्र धाडण्याची रीत विशेषतः अमेरिकेत रुजलेली आहे. परदेशी ग्राहकांसाठी काम करणाऱ्या बंगळुरूच्या कंपन्यांना ती परिचयाची झाली. आपल्याकडे ती सक्तीची नाही. पत्र आले नाही म्हणून कोणी उमेदवाराला उणे लेखत नाही. उलट, आभारपत्राने नोकरी हमखास मिळते असे कोणी सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये. काम येते की नाही, हे मुलाखतीतच कळून चुकलेले असते. पत्रातून फार तर एवढे दिसते, की समोरच्याचे बोलणे या व्यक्तीने नीट ऐकले आणि लक्षात ठेवले. हिशेब सांभाळणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही लहान गोष्ट नव्हे.

३. शब्दांची पारख

‘कृतज्ञ’ या शब्दाची फोड करून पाहा. कृत म्हणजे केलेले. ज्ञ म्हणजे जाणणारा. दुसऱ्याने आपल्यासाठी जे केले ते जो जाणतो, तो कृतज्ञ. त्याच्या उलट शब्द कृतघ्न, म्हणजे केलेले नष्ट करणारा. कृतज्ञतेत जाणणे आधी येते, हे या फोडीवरून ध्यानात येईल. काय केले गेले हेच ज्याला सांगता येत नाही, त्याने कितीही गोड शब्द वापरले तरी त्याचे पत्र पोकळ वाटते. मुलाखतीनंतरच्या आभारपत्राची सारी कसोटी या एका शब्दात सापडते.

‘आभार’ आणि ‘धन्यवाद’ हे दोन शब्द आपण सहज एकमेकांच्या जागी वापरतो. धन्यवाद म्हणजे ‘तुम्ही धन्य आहात’ असे म्हणणे. त्यात समोरच्याची प्रशंसा आहे. आभार मानताना आपण काहीतरी मिळाल्याचे मान्य करतो. आभार हा शब्द मराठीत नेहमी अनेकवचनी चालतो : आभार मानले, आपले आभार. कन्नड भाषाही ‘धन्यवाद’ला अनेकवचनाचा प्रत्यय लावून ‘धन्यवादगळु’ असे म्हणते. इमारतीच्या दारावरच्या पहारेकऱ्याने पत्ता दाखवला, स्वागतकक्षातील मुलीने पाण्याचा पेला पुढे केला, तर तेथे हा कन्नड शब्द तोंडी म्हणावा. त्यांना पत्र कोणी लिहीत नाही; पण कृत त्यांचेही असते.

‘ऋणी’ आणि ‘उपकृत’ हे शब्द फार वजनाचे आहेत. आईवडील, गुरू, संकटात धावून आलेला शेजारी यांच्यासाठी ते राखून ठेवलेले बरे. चाळीस मिनिटांच्या संभाषणासाठी ‘आजन्म ऋणी’ असे लिहिले, की शब्द मोठा आणि प्रसंग लहान होऊन दोहोंचीही शोभा जाते. एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. मराठी घरांत आभार तोंडाने मानण्याची पद्धत फारशी नाही. आईने ताट वाढले म्हणून कोणी तिला धन्यवाद देत नाही. दिले तर ती चमकून पाहील. बोलण्यात ही सवय नसल्यामुळे लिहिताना आपण एकदम दुसऱ्या टोकाला जातो आणि अतिशयोक्ती करून बसतो.

थोडक्यात लिहिण्याचा धडा मात्र आपल्या परंपरेत आहे. जुन्या मराठी पत्रांत मायना ठरलेला, ‘विनंती विशेष’ म्हणून मजकुराला आरंभ आणि ‘बहुत काय लिहिणे’ म्हणून समाप्ती. वाचणारा सुज्ञ आहे, त्याला अधिक सांगण्याची गरज नाही, असा भाव त्या अखेरच्या शब्दांत असे. १८७९ साली भारतात पोस्टकार्ड सुरू झाले तेव्हा त्याची किंमत पाव आणा होती. त्या लहानशा चौकोनाने सामान्य माणसाला नेमके लिहायला शिकवले. मुलाखतीनंतरचे पत्र आज बहुधा ई-मेलने जाते आणि तेथे जागेची अडचण नसते. तरीही ते पोस्टकार्डावर मावेल एवढेच असावे.

४. दोन मसुदे

निपाणीच्या उमेदवाराने त्याच रात्री पहिला मसुदा लिहिला, असे समजू.

आदरणीय मॅडम,
आपण आपला मौल्यवान वेळ खर्च करून माझ्यासारख्या अल्पशिक्षित उमेदवाराची मुलाखत घेतलीत, त्याबद्दल मी आपली आजन्म ऋणी आहे. माझ्या घरची परिस्थिती हलाखीची असून मला या नोकरीची नितांत गरज आहे. मी पडेल ते काम मन लावून करीन. कृपया माझा सहानुभूतिपूर्वक विचार करावा. आपल्या उत्तराची चातकासारखी वाट पाहत आहे.
आपली कृपाभिलाषी,
अ. ब. क.

यातील एकही वाक्य खोटे नसेल. तरीही हे पत्र पाठवण्याजोगे नाही. ते कोणत्याही गावातून, कोणत्याही कार्यालयाला, कोणत्याही पदासाठी पाठवता येईल. मुलाखतीत काय विचारले गेले, काय सांगितले गेले, याचा त्यात मागमूस नाही. म्हणजे ‘कृत’ जाणलेलेच नाही. आभाराचे एक वाक्य आणि मागणीची चार, असे त्याचे प्रमाण आहे. लेखा विभागाच्या प्रमुख बाईंनी सहानुभूतीवरून माणूस निवडायचा ठरवला, तर तो दुसऱ्या उमेदवारावर अन्याय होईल. जे त्यांना न्यायाने देता येत नाही, तेच त्यांच्याकडे मागितले गेले आहे. सर्वांत वाईट आहे तो ‘अल्पशिक्षित’ हा शब्द. सहा वर्षे घाऊक दुकानाचे हिशेब चोख ठेवणारी, संसार सांभाळून दोन परीक्षा उत्तीर्ण झालेली व्यक्ती स्वतःची ओळख अशी का करून देते? नम्रता आणि स्वतःला कमी लेखणे यांत फरक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नव्याने लिहिलेले पत्र पाहा.

विषय : लेखा साहाय्यक पदाची मुलाखत – आभार

महोदया,
स. न. वि. वि.
काल दुपारी आपल्या एचएसआर लेआउटमधील कार्यालयात लेखा साहाय्यक पदासाठी माझी मुलाखत झाली. आपण चाळीस मिनिटे दिलीत आणि घाऊक दुकानातील माझ्या कामाविषयी बारकाईने विचारलेत, त्याबद्दल आभारी आहे.
खरेदीची बिले आणि जीएसटीआर-२बी हे विवरण यांत तफावत आढळल्यास काय करावे, या प्रश्नाला माझे उत्तर अपुरे होते. पुरवठादाराने आपले विवरणपत्र भरले आहे का, हे आधी पाहावे, असे आपण समजावून सांगितलेत. परत आल्यावर मी त्या क्रमाने सराव करून पाहिला. आता तो क्रम ध्यानात आला आहे.
गोदामातील मोजणी आणि संगणकातील नोंद रोज ताडून पाहण्याची आपल्याकडील पद्धत ऐकून या कामाविषयीची माझी उत्सुकता वाढली. मुलाखतीची वेळ ठरवून देणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांनाही माझे आभार कळवावेत.
आपली विश्वासू,
अ. ब. क.

या पत्रात मागणी कोठेही नाही. ‘उत्सुकता वाढली’ या शब्दांतून काम हवे असल्याचे कळते आणि तेवढे पुरे असते. आभाराला कारण जोडलेले आहे : चाळीस मिनिटे, बारकाईचे प्रश्न, समजावून सांगितलेला क्रम. हे पत्र केवळ हीच व्यक्ती, याच मुलाखतीनंतर लिहू शकते.

अपुऱ्या राहिलेल्या उत्तराचा उल्लेख करावा की करू नये, याविषयी मतभेद होऊ शकतो. वस्तू व सेवा कर देशात १ जुलै २०१७ पासून लागू झाला आणि जीएसटीआर-२बी हे विवरण २०२० मध्ये आले. पुरवठादारांनी भरलेल्या विवरणपत्रांवरून ते दर महिन्याला आपोआप तयार होते आणि त्यावरून खरेदीवर भरलेल्या कराची वजावट ताडून पाहता येते. लहान दुकानांत हे काम पुष्कळदा बाहेरचा कर सल्लागार करतो; त्यामुळे हिशेबनिसाला ते ठाऊक नसणे स्वाभाविक आहे. मुलाखत घेणाऱ्या बाईंना तिचे उत्तर अपुरे होते, हे कळलेलेच होते. पत्राने त्यात नवी भर पडली ती एवढीच, की सांगितलेली गोष्ट तिने त्याच दिवशी करून पाहिली. असे खरोखर केले असेल तरच लिहावे. न केलेल्या सरावाचा उल्लेख पुढच्या फेरीत एका प्रश्नाने उघडा पडतो. शिवाय चुकलेल्या सर्व उत्तरांची दुरुस्ती पत्रातून करण्याचा मोहही टाळावा. आभारपत्र ही दुसरी मुलाखत नव्हे.

पत्राची भाषा कोणती असावी? मुलाखत ज्या भाषेत झाली, ती. एचएसआर लेआउटमध्ये ती बहुधा इंग्रजी असेल, कधी हिंदी, कधी कन्नड. तरीसुद्धा पहिला मसुदा मराठीत करावा. आपल्याला काय म्हणायचे आहे हे आपल्या भाषेत स्पष्ट झाले, की साध्या इंग्रजीत ते चार-पाच वाक्यांत मांडता येते. रूपांतर करताना ‘स. न. वि. वि.’ गाळावे लागेल; त्याला तेथे जागा नाही. ‘मौल्यवान वेळ’ हा शब्दप्रयोग मुळात इंग्रजीवरून आपल्याकडे आलेला. तो परत पाठवण्याचे कारण नाही. ‘आपण वेळ दिलात’ एवढे कोणत्याही भाषेत शोभते. आजकाल मोबाइलमधील साधने क्षणात गुळगुळीत पत्र लिहून देतात. व्याकरण तपासण्यासाठी त्यांचा उपयोग जरूर करावा. पण मुलाखतीच्या खोलीत ती साधने नव्हती. तेथे काय घडले, हे त्यांना ठाऊक नसते. त्यांनी आपणहून रचलेले पत्र पुष्कळदा वरच्या पहिल्या मसुद्यासारखेच कोणालाही चालणारे निघते, फक्त भाषा अधिक सफाईदार असते.

५. कोणाला, केव्हा, कोणत्या मार्गाने

पत्र शक्यतो दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत जावे. मुलाखत घेणाऱ्याचा ई-मेल पत्ता आपल्याजवळ असेल तर थेट त्यांना. नसेल तर ज्यांनी मुलाखतीची वेळ कळवली त्यांच्याच ई-मेलला उत्तर म्हणून लिहावे आणि पत्र पुढे पोहोचवण्याची विनंती करावी. खासगी मोबाइल क्रमांक कोठून तरी मिळवून त्यावर रात्री संदेश पाठवणे अनुचित आहे. सर्व बोलणे व्हॉट्सॲपवरच झाले असेल, जसे लहान कार्यालयांत होते, तर तेथेच दोन-तीन वाक्ये लिहावीत. मात्र हात जोडलेल्या चित्रांची रांग त्यात नको. दोघातिघांनी मिळून मुलाखत घेतली असेल तर एकच पत्र सर्वांच्या नावे चालते. वेगवेगळी लिहिली, तर मजकूर एकच नसावा, कारण ती एकमेकांना दाखवली जाण्याचा संभव असतो.

उत्तर येईलच असे नाही. न आल्यास दुसरे आभारपत्र लिहू नये. ‘आठवडाभरात कळवू’ असे सांगितले होते आणि आठवडा उलटून गेला, तर निर्णयाविषयी एकदा विचारावे. ते चौकशीचे पत्र झाले. त्यात आभाराची सरमिसळ करण्याचे कारण नाही.

६. जेथे असे पत्र पाठवू नये

सरकारी भरतीत ही रीत मुळीच लागू नाही, हे पक्के लक्षात ठेवावे. राज्यघटनेच्या ३१५ व्या अनुच्छेदानुसार संघासाठी आणि राज्यांसाठी लोकसेवा आयोगांची तरतूद आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोग असो, कर्नाटक लोकसेवा आयोग असो की संघ लोकसेवा आयोग, त्यांच्या मुलाखत मंडळातील सदस्यांशी उमेदवाराने व्यक्तिगत संपर्क साधणे गैर मानले जाते. भरतीच्या अनेक जाहिरातींत, उमेदवारीसाठी कोणत्याही प्रकारे वशिला लावण्याचा प्रयत्न केल्यास उमेदवार अपात्र ठरेल, अशी अट छापलेली असते. आपला हेतू केवळ आभाराचा होता, हे नंतर सिद्ध करीत बसण्याची पाळी कोणावर येऊ नये. तेथे मुलाखत संपल्यावर उठताना मंडळाला नमस्कार करावा. आभाराची जागा तेवढीच.

सरकारी मुलाखतींविषयी संशयाचे वातावरण किती दाट होते, हे एका निर्णयावरून कळते. केंद्र सरकारने कनिष्ठ स्तरावरील पदांसाठी मुलाखत घेण्याची पद्धत १ जानेवारी २०१६ पासून बंद केली. मुलाखत म्हटली की वशिला, शिफारस आणि पैसा हे शब्द मागोमाग येतात, ही जनभावना त्यामागे होती.

खासगी कंपनीतही आभारासोबत वस्तू जाता कामा नये. बेळगावचा कुंदा प्रसिद्ध आहे आणि तिकडून आलेल्या माणसाला तो दुसऱ्यांना खाऊ घालण्यात आनंद वाटतो. नोकरी लागल्यावर तो डबा साऱ्या सहकाऱ्यांमध्ये फिरवावा. निकालापूर्वी तोच डबा मुलाखत घेणाऱ्याच्या मेजावर ठेवला, तर ती व्यक्ती अडचणीत येते : परत करावा तर अपमान, ठेवून घ्यावा तर बोल.

७. नकारानंतर

‘या वेळी आपली निवड होऊ शकली नाही,’ असा निरोप येतो तेव्हा हात लेखणीकडे जात नाही. राग येतो, क्वचित स्वतःचीच लाज वाटते. मुलाखतीसाठी घेतलेली रजा, प्रवासाचा खर्च, घरी दिलेली आशा, हे सारे आठवते. अशा वेळी आभाराचे पत्र लिहिलेच पाहिजे, असा आग्रह कोणी धरू नये. पुष्कळ कंपन्या तर नकारही कळवत नाहीत. त्यांच्या मौनाला पत्राने उत्तर देण्याची गरज नाही.

मात्र ज्यांनी निर्णय स्पष्ट कळवला, विशेषतः कारणही सांगितले, त्यांच्यासाठी दोन ओळी लिहिणे योग्य होय. ‘आपण निर्णय वेळेवर कळवलात आणि कोणता भाग कमी पडला तेही सांगितलेत, याबद्दल आभारी आहे. तो भाग शिकून घेण्याचा प्रयत्न करीन.’ याहून अधिक लिहिले तर तक्रार किंवा आर्जव डोकावू लागते. या पत्राचा अर्थ पहिल्या पत्राहून स्वच्छ असतो. पहिल्या पत्रामागे आशा असते आणि वाचणाऱ्यालाही ती ठाऊक असते. नकारानंतरच्या पत्रामागे काही मिळण्याची अपेक्षा उरलेली नसते. व्यवहाराच्या दृष्टीनेही ते वाया जात नाही. एचएसआर लेआउटसारख्या ठिकाणी माणसे कंपन्या बदलत राहतात. आज नकार कळवणारी व्यक्ती वर्षभराने दुसऱ्याच इमारतीत, दुसऱ्या कामासाठी माणूस शोधत असू शकते. निपाणीच्या उमेदवाराला वाटले तर तिने एवढ्यासाठीही हे पत्र लिहावे. त्यात कमीपणा नाही.

शब्दार्थ

मायना – पत्राच्या आरंभी लिहायचे आदराचे शब्द
लाळघोटेपणा – स्वार्थासाठी केलेली खुशामत
स. न. वि. वि. – सविनय नमस्कार, विनंती विशेष
कृपाभिलाषी – कृपेची इच्छा करणारा / करणारी
आर्जव – काकुळतीने केलेली विनवणी
तफावत – दोन नोंदींमधील फरक

पाठगत प्रश्न

१. निपाणीच्या उमेदवाराच्या मनात आभारपत्राविषयी कोणत्या शंका आल्या? त्यांचे मूळ पाठात कोठे दाखवले आहे?
२. ‘कृतज्ञ’ आणि ‘कृतघ्न’ या शब्दांची फोड करून अर्थ लिहा.
३. ‘जे त्यांना न्यायाने देता येत नाही, तेच त्यांच्याकडे मागितले गेले आहे,’ असे पहिल्या मसुद्याविषयी का म्हटले आहे?
४. लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीनंतर सदस्यांना पत्र लिहिणे का टाळावे?

स्वाध्याय

१. पुढील वाक्ये आभारपत्राला शोभतील अशी पुन्हा लिहा :
(अ) ‘आपण मला भेटीची संधी दिलीत, हे उपकार मी सात जन्म विसरणार नाही.’
(आ) ‘आपल्यासारख्या थोर व्यक्तीचे दर्शन झाले, आता फक्त आपल्या होकाराची आस आहे.’
२. अपुऱ्या राहिलेल्या उत्तराचा उल्लेख पत्रात करणे तुम्हाला योग्य वाटते का? तुमचे मत कारणांसह आठ-दहा ओळींत लिहा.
३. तुम्ही एचएसआर लेआउट, बंगळुरू ५६०१०२ येथील एका कंपनीत गोदाम पर्यवेक्षकाच्या पदासाठी मुलाखत दिली आहे, अशी कल्पना करा. मुलाखतीत घडलेल्या तीन गोष्टी आधी कागदावर टिपून घ्या. त्यांपैकी दोहोंचा उल्लेख करून, पोस्टकार्डावर मावेल एवढे आभारपत्र लिहा. ते लिहिताना ‘कृपा’, ‘उपकार’ आणि ‘मौल्यवान’ हे शब्द वापरू नका.
४. तुम्हाला पूर्वी कोणी काम शिकवले असेल आणि त्याचे आभार मानायचे राहून गेले असतील, तर त्या व्यक्तीने नेमके काय केले, ते आठवून तिला पत्र लिहा. हे पत्र तपासणीसाठी देण्याची आवश्यकता नाही.